क्रूझ परवडते कशी?

"परत बोटीवर? परवडतं कसं हो तुम्हाला?"

मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कोणाकडे सत्यनारायण असला तर तिथे, हा प्रश्न मला ठरलेला. विचारणाऱ्याच्या मनात हेवा नसतो, खरी उत्सुकता असते. त्यातल्या बऱ्याच जणांची निवृत्ती आता जवळ आली आहे, मुलं लांबच्या गावी आहेत आणि क्रूझच्या रंगीत जाहिराती रोज टपालात येऊन पडतात. प्रसादाची वाटी हातात घेऊन उभ्या उभ्या मी जे सांगते ते अपुरं राहतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आम्ही फ्लोरिडात, टँपाला राहतो. बंदर घरापासून अर्ध्या तासावर. लेक गाडीने सोडते आणि परतीच्या सकाळी न्यायला येते. विमानाचं तिकीट नाही, आदल्या रात्रीचं हॉटेल नाही, पार्किंग नाही. क्रूझ स्वस्त की महाग हे ठरवताना लोक नेमका हा भाग विसरतात. शिकागोहून जानेवारीत येणाऱ्या जोडप्याला बर्फाच्या भीतीने एक दिवस आधी पोचावं लागतं, कारण विमान उशिरा आलं म्हणून बोट थांबत नाही. त्यांचा तो वरचा खर्चच कधीकधी बोटीच्या भाड्याइतका होतो. शिवाय फ्लोरिडाच्या रहिवाशांना आणि पंचावन्नच्या पुढच्यांना बऱ्याच कंपन्या वेगळा दर देतात. शाळा चालू असताना, थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरचा सण आणि नाताळ यांच्यामधल्या पंधरवड्यात किंवा नवं वर्ष उलटल्यावर खोल्या रिकाम्या राहतात, तेव्हा दर आणखी उतरतात. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली घेतली तर दिवसाला माणशी शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये राहणं, खाणं आणि प्रवास होतो. या किनाऱ्यावर बऱ्यापैकी हॉटेलची नुसती खोलीही त्या पैशात मिळत नाही.

टँपाचा आणखी एक फायदा मला वाटतो, जो इतरांना तोटा वाटेल. बंदरातून खुल्या समुद्रात जाताना वाटेत सनशाइन स्कायवे हा पूल लागतो. त्याच्याखाली साधारण ५५ मीटर उंचीची मोकळीक आहे. त्यामुळे हल्लीच्या अजस्र बोटी टँपाला येऊच शकत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेली 'आयकन ऑफ द सीज' खच्चून भरली तर ७,६०० प्रवासी घेते, वर दोन हजारांहून जास्त कर्मचारी. आमच्या बंदरात येतात त्या मध्यम आकाराच्या, थोड्या जुन्या बोटी. पुलाखालून जाताना सगळे वरच्या डेकवर गोळा होतात आणि धुराडं आता आपटतंय की काय असं वाटत असतानाच बोट अलगद पलीकडे निघते. कितीदाही बघितलं तरी त्या क्षणी लोक टाळ्या वाजवतात, आणि त्यात मीही असते.

पण जाहिरातीतला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बंदराचे कर आणि शुल्क वेगळे. नोकरवर्गासाठीची टिप वेगळी, ती बहुतेक कंपन्यांत माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. दोघांचे आठवड्याचे अडीचशे डॉलर तिथेच गेले. इंटरनेट वेगळं. दारूचं पॅकेज घ्यायचं तर अनेक कंपन्यांत एका खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी ते घेतलं पाहिजे असा नियम असतो, म्हणजे नवरा पितो आणि बायको पीत नाही अशा जोडप्याला दोघांचे पैसे भरावे लागतात. आम्ही दोघंही घेत नाही, तेवढा प्रश्न सुटला. मग फोटो, स्पा, कॅसिनो, बिंगो, खास रेस्टॉरंटं, बंदरावरच्या सहली. भाडं कमी ठेवायचं आणि माणूस एकदा आत आला की त्याच्याकडून काढायचं, हा या धंद्याचा उघड हिशेब आहे. एकट्याने प्रवास करणाऱ्याला तर बहुतेक ठिकाणी पूर्ण खोलीचं, म्हणजे दोघांचं भाडं पडतं. आमची एक मैत्रीण नवरा गेल्यावर पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा तो आकडा बघून तिने फोन ठेवून दिला. या नियमाचा मला मनापासून राग आहे. ज्या बाईला अशा सुट्टीची सगळ्यात जास्त गरज असते तिलाच ती दुप्पट भावात पडते.

या सगळ्यातून वाट काढता येते. टिप आधीच भरून टाकायची. पाणी, चहा, कॉफी, जेवण भाड्यात असतंच, त्यात भागवायचं. सहली बोटीवरून न घेता बंदराबाहेरच्या टॅक्सीवाल्याशी बोलायचं, फक्त बोट सुटण्याच्या दोन तास आधी परत यायचं. हे सगळं मंडळातल्या कोणालाही तोंडपाठ असतं. मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल.

ह्यांना पार्किन्सन्स आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली. पार्किन्सन्समध्ये हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात हे कमी जणांना माहीत असतं. दारात, वळणावर, गर्दीत माणूस एकदम थबकतो. पुढचं पाऊल टाकायचं आहे हे डोक्याला कळतं, पण पाय उचलत नाही. मागून कोणी घाई केली की आणखी अडकतो. विमानतळावरची सुरक्षा तपासणी ही अशा माणसासाठी शिक्षा आहे. पट्टा काढा, ट्रे उचला, पुढे सरका. शेवटचं आम्ही पुण्याला गेलो तेव्हा परतीच्या प्रवासात ह्यांचे जे हाल झाले ते बघून न्यूरॉलॉजिस्टने आणि मुलीने एकाच दिवशी सांगितलं, आता लांबचं विमान नको.

एखाद्या माणसाचं जग असं लहान होत जातं. आधी भारत गेला, मग कॅलिफोर्नियातल्या मुलाकडे जाणं गेलं, मग चार तासांवरची गाडीसुद्धा नकोशी झाली, कारण मोटेलमध्ये उतरायचं, सामान काढायचं, अनोळखी बाथरूममध्ये रात्री उठायचं. उरलं घर, दवाखाना आणि दिवाणखान्यातली खुर्ची. त्या काळात लेकीने बळेच आमचं बोटीचं बुकिंग केलं.

पहिल्या पहाटे मला जाग आली तर हे पलंगावर नव्हते. घाबरून दार उघडलं. ते कॉरिडॉरमध्ये चालत होते. बोटीचा कॉरिडॉर म्हणजे लांबच लांब सरळ वाट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि त्या बोटीच्या गालिच्यावर ठरावीक अंतराने आडवे पट्टे विणलेले. हे एकेक पट्टा ओलांडत निघाले होते. न थबकता, न अडखळता, थेट पार टोकापर्यंत, आणि तिथून परत. जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर पार्किन्सन्सच्या माणसाचा पाय सुटतो, हे आम्हाला फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं. घरी फरशीवर रंगीत टेप लावून आम्ही ते करतही होतो. पण इतक्या लांब वाटेवर, कोणाच्या आधाराशिवाय, इतक्या मोकळेपणी त्यांना चालताना मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. खोली स्वच्छ करणारा मुलगा ट्रॉली घेऊन भिंतीला टेकून उभा होता. वाट मोकळी राहावी म्हणून. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही ज्या ज्या बोटीवर गेलो तिथे मी आधी गालिचा बघते.

अपंगांसाठीची खोली वेगळी मागावी लागते. साध्या खोलीत बाथरूमच्या दाराशी उंच उंबरठा असतो, नेमका पाय अडकणारा. खास खोलीत तो नसतो. न्हाणीत खुर्ची असते, धरायला दांडे असतात, दार रुंद असतं. अशा खोल्या प्रत्येक बोटीवर मोजक्याच, आणि त्यांना जास्तीचं भाडं नसतं. सामान एकदाच लावायचं. आठवडाभर तीच खोली, तोच पलंग, तेच बाथरूम, आणि तरी सकाळी पडदा सारला की बाहेर दुसरा देश. जेवण जवळजवळ कोणत्याही वेळी मिळतं. ही चैनीची गोष्ट वाटेल, पण लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी प्रथिनं जास्त असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर तिचा परिणाम कमी होतो. त्यामुळे आमच्याकडे जेवण घड्याळाला बांधलेलं असतं. बोटीवर हे अकरा वाजता जेवोत की तीन वाजता, कोणाला सांगावं लागत नाही. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर चाळीस वर्षं रोज दोन वेळचा स्वयंपाक केलेल्या बाईला आठ दिवस कोणीतरी गरम जेवण पुढ्यात आणून ठेवतं, याची किंमत मी आकड्यात मांडणार नाही.

बंदर आलं की बहुतेक सगळे उतरतात आणि बोट रिकामी होते. आम्ही बऱ्याचदा मागेच थांबतो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाला तर थांबावंच लागतं. तिथे धक्का नाही, बोट लांब नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. माझ्या लहानपणी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोट जायची, तेव्हा हर्णैला असंच पडावात उतरावं लागे. खलाशी दंडाला धरून पोराबाळांना खाली देत, आजीला तर चक्क उचलून घेत. तेव्हा गंमत वाटायची. आता हलत्या होडीत ह्यांचा पाय नेमका मध्येच थबकला तर, या विचारानेच मी मागे होते. मग मोकळ्या डेकवर सावलीत बसायचं, ह्यांनी पेपर वाचायचा, मी विणायचं. समोर इतकं निळं पाणी की डोळे दिपतात. आम्ही दोघं एकमेकांशी जेवढं बोटीवर बोललो तेवढं गेल्या कित्येक वर्षांत घरी बोललो नव्हतो. घरी मी सारखी उठत असते.

तर, परवडतं का? याचं माझं उत्तर हे आहे. आमच्या जोडीला आता दुसरा कोणताही प्रवास शक्य नाही, हा एक शक्य आहे, आणि म्हणून तो परवडतो.

आता कोणी म्हणेल, मग कायमचंच बोटीवर जाऊन राहा. हा विचार नवा नाही. २००४ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वृद्धांच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकात तुलना मांडली होती. थोडी मदत लागणाऱ्या वृद्धांसाठीच्या निवासात, म्हणजे असिस्टेड लिव्हिंगमध्ये, वीस वर्षं राहण्याचा खर्च त्यांनी काढला सुमारे २ लाख २८ हजार डॉलर, आणि क्रूझवर राहण्याचा सुमारे २ लाख ३० हजार. जवळजवळ सारखाच. आज त्या निवासांचा खर्च महिन्याला पाच हजार डॉलरच्या वर गेलाय, तेव्हा हा लेख लोक अजून एकमेकांना सांगतात. पण सांगणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी बोटीवरचा दवाखाना आतून बघितलेला असतो. एका प्रवासात ह्यांना जुलाब होऊन अशक्तपणा आला. डॉक्टर आणि नर्स दोघंही चांगली होती. सलाईन लावलं, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी हातात बिल आलं ते हजार डॉलरच्या पुष्कळ वर, आणि ते तिथल्या तिथे खोलीच्या खात्यावर पडलं. बोट अमेरिकेच्या बंदरापासून सहा तासांपेक्षा लांब असली की मेडिकेअर, म्हणजे इथला वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, त्यातलं काही देत नाही. आमचा प्रवासविमा होता म्हणून नंतर पैसे मिळाले. हृदयविकाराचा झटका, मोडलेलं माकडहाड, असलं काही झालं तर पुढच्या बंदरात उतरवतात, आणि तिथून हवाई रुग्णवाहिकेने घरी आणायचा खर्च घर विकायला लावेल इतका असू शकतो. म्हणून विमा घेताना भाडं परत मिळण्याची रक्कम किती हे बघू नका, वैद्यकीय वाहतुकीची मर्यादा किती ते बघा. आणि बोट म्हणजे शुश्रूषागृह नव्हे. ज्याला रोज अंघोळ घालावी लागते, रात्री औषध द्यावं लागतं, त्याचं तिथे काम नाही. मी बरोबर असते म्हणून ह्यांचं जमतं.

हात साबणाने धुवा, हेही इथेच सांगते. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर ती हातावर फवारायची जेल पुरेशी नसते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींच्या स्वच्छतेची सरकारी तपासणी होते आणि शंभरपैकी गुण जाहीर होतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. बुकिंग करण्याआधी ते गुण बघायला दोन मिनिटं लागतात.

मंडळातल्या गप्पांत ज्याला सगळ्यात जास्त वेळ दिला जातो, ते म्हणजे सवलती आणि पायऱ्या. प्रत्येक मोठ्या कंपनीची जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक शिडी असते. रॉयल कॅरिबियनची घ्या. बोटीवरच्या प्रत्येक रात्रीला एक गुण, स्वीट, म्हणजे मोठी आलिशान खोली, घेतली किंवा खोलीत एकटे राहिलात तर दुप्पट. ८० गुणांना 'डायमंड', तिथे रोज चार पेयं फुकट. १७५ ला 'डायमंड प्लस'. ७०० ला 'पिनॅकल', म्हणजे जवळजवळ दोन वर्षं बोटीवर झोपल्यावर. माणशी रात्रीचे १२० डॉलर धरले तर ७०० रात्रींचे एका माणसाचे ८४ हजार डॉलर होतात, आणि त्या मोबदल्यात मिळतं काय, तर रांगेत पुढे जायला, वेगळ्या दालनात कॉफी, एखादा फुकट प्रवास. यातलं काही वाईट नाही. मिळालं तर मीही आनंदाने घेते. पण ही शिडी माणसाची दिशा बदलते, हे मी जवळून बघितलंय.

आमच्या ओळखीचं एक जोडपं दर हिवाळ्यात नाशिकला जायचं. तिथे दोघांच्याही बहिणी आहेत. मग एका वर्षी एक पायरी चढायला थोड्याच रात्री कमी पडत होत्या, म्हणून हिवाळा बोटीवर गेला. पुढच्या वर्षी त्यापुढची पायरी. बोटीवर 'पुढच्या प्रवासाचं' टेबल असतं, तिथे आजच अनामत भरली तर खर्चायला शंभरेक डॉलर खात्यावर जमा मिळतात. प्रवास संपायच्या आत पुढचा ठरतो. ठरला की त्या तारखा अडकल्या. मुंबईचं तिकीट काढायचं राहून जातं, आणि ते राहून गेलंय हे कळतही नाही. त्यांचे गुडघे धड आहेत, दोघंही विमानात बसू शकतात. ज्यांना पुण्याच्या आपल्या गल्लीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही असा माणूस माझ्या घरात आहे, म्हणून मला हे फार लागतं. अजून जाता येतंय तोवर जा. बोट पंच्याहत्तरीतही मिळेल.

आता नोकरवर्गाबद्दल.

कॉरिडॉरमध्ये ट्रॉली बाजूला घेणारा तो मुलगा गोव्याचा होता, सासष्टीतला. जेवणाच्या दालनात आमच्या टेबलावर जो होता तो सावंतवाडीच्या बाजूचा. आमचं मराठी कानावर पडलं आणि त्याने मालवणीत विचारलं, "आजोबांका मऊ भात होयो काय?" त्या रात्रीपासून रोज ह्यांच्यासाठी साधं वरण आणि गुरगुट्या भात येत राहिला. भारतीय कर्मचाऱ्यांच्या खानावळीतला तो भात असायचा हे आम्हाला नंतर कळलं. जगभरच्या क्रूझवर गोव्याची आणि कोकणची मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत कोरोनामुळे जपानमध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' ही क्रूझ अडकवून ठेवली तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी होते. प्रवासी खोल्यांत बंद, आणि ही मुलं दारोदारी ताटं पोचवत होती.

त्या सावंतवाडीच्या मुलाचा करार आठ महिन्यांचा होता. सुट्टीचा दिवस नाही. कामाच्या पाळ्या तुकड्यातुकड्यांनी, सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, रात्री दोन पंगती. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून तो लागू आहे. त्यात विश्रांती दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास मिळाली पाहिजे असं म्हटलंय. उरलेले तास मोजले तर आठवड्याला ९१ होतात. कायद्यात बसून इतकं काम करून घेता येतं. या कंपन्यांची कार्यालयं मायामीला असतात, पण बोटी नोंदवलेल्या असतात बहामा, पनामा, बर्म्युडा इथे, म्हणजे अमेरिकेचे कामगार कायदे त्यांना बहुतांशी लागत नाहीत. आपल्याला जे स्वस्त भाडं पडतं त्यातला मोठा भाग इथून येतो. मुलगा पाच महिन्यांचा असताना तो घरून निघाला होता. गणपतीत आरतीच्या वेळी घरच्यांनी व्हिडिओवर दाखवलं तेव्हा मुलगा पाटावर उभा राहिला होता, हे त्याने आम्हाला फोन काढून दाखवलं. पुन्हा करार करणार का, असं ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, "घर बांधूक घेतलंय, स्लॅब पडाक होयो."

आणि प्रवासाच्या शेवटच्या रात्री स्वागतकक्षापाशी एक रांग लागते. खात्यातून टिप काढून टाकायची मागणी करणाऱ्यांची. त्या रांगेत आपली माणसं दिसली की माझ्या जिवाला फार लागतं. "टिप ही ऐच्छिक असते," "एवढं काय केलं त्यांनी," "सर्व्हिस काही खास नव्हती." ती टिप म्हणजे बक्षिशी नव्हे, त्या माणसांच्या कमाईचा तो आधार आहे. भाडं लावताना कंपनी ते पैसे धरून चालते. पगार कंपनीने पूर्ण द्यायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. तोपर्यंत मात्र ज्याला माणशी दिवसाला १८ डॉलर जड वाटतात त्याने चार दिवसांची बोट घ्यावी, आठ दिवसांची घेऊ नये. आम्ही भरलेल्या टिपेवर आणखी रोख देतो, त्या त्या माणसाच्या हातात. ते आमच्या प्रवासखर्चातच धरलेलं असतं.

बंदरांचीही अशीच एक बाजू आहे. आमच्याच राज्यातल्या की वेस्ट या चिमुकल्या बेटाने २०२० च्या नोव्हेंबरात मतदान करून ठरवलं होतं की मोठ्या बोटी नकोत, दिवसाला १,५०० हून जास्त क्रूझ प्रवासी उतरू नयेत. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कायदा करून ते रद्द केलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये केमन बेटांवर सार्वमत झालं आणि तिथल्या लोकांनी क्रूझसाठी धक्का बांधायला नकार दिला. तो धक्का झाला असता तर ह्यांना केमनला उतरता आलं असतं. तरी मला वाटतं त्या लोकांनी बरोबर केलं. प्रवाळ त्यांचं आहे, समुद्र त्यांचा आहे. मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझने येणाऱ्या दर प्रवाशामागे ५ डॉलर कर सुरू केला, तो पुढे वाढत जाणार आहे. तिथल्या कोझुमेल बंदरातल्या रांगेत त्याबद्दल कुरकुर करणारे भेटले. बोटीवर एका कॉकटेलला दहा-बारा डॉलर मोजणारी माणसं ज्या गावच्या रस्त्यांवरून दिवसभर फिरतात, त्या गावाला पाच डॉलर देताना कुरकुरतात. मी तर म्हणेन वीस घ्या, आणि सांडपाण्यावर खर्च करा.

समुद्राचं नुकसान होतं, हे कोणी नाकारू नये. २०१६ साली 'प्रिन्सेस' कंपनीने तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याचा गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड भरला. एवढी मोठी बोट रात्रंदिवस चालते, वीज करते, थंड हवा करते, पोहण्याचे तलाव भरते, ते सगळं इंधनावर. ज्यांच्यापुढे आगगाडीचा, गाडीचा, डोंगरातल्या एखाद्या घरात आठवडाभर राहण्याचा पर्याय आहे त्यांनी वर्षातून चार-चार वेळा बोटीवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी मंडळातही बोलते, आणि त्यावर मला ऐकवलं जातं, "तुम्ही नाही का जात?" जातो. पूर्वीपेक्षा कमी वेळा जातो. दोन छोट्या सफरींऐवजी एक लांबची घेतो, टँपाहूनच घेतो, विमान नको म्हणून. पायऱ्यांकडे बघत नाही, ज्या बोटीवर ह्यांच्या जोगी खोली आणि बरा कॉरिडॉर असेल ती घेतो, मग कंपनी कोणतीही असो. आणि ह्यांचा आजार वाढला की हेही थांबेल, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी एवढंच. अपंगांची खोली वर्षभर आधी मागा, लवकर संपते. उंबरठा नाही ना, हे फोनवर विचारून खात्री करा, नुसत्या संकेतस्थळावर विश्वासू नका. वाटेतल्या कोणत्या बंदरात होडीने उतरायचंय ते बघून ठेवा. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि दोन्ही हातात, सामानात नको. शाकाहारी जेवण हवं असेल तर आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगा, भारतीय शाकाहारी ताट बऱ्याच बोटींवर करून देतात.

पुढच्या जानेवारीची आमची खोली धरून ठेवली आहे. उरलेले पैसे निघायच्या नव्वद दिवस आधी भरायचे, म्हणजे ऑक्टोबरात. तोवर रद्द केलं तर अनामत परत मिळते, नंतर कापतात. न्यूरॉलॉजिस्टची तारीख मी मुद्दाम त्याच्या आदल्या आठवड्यात घेतली आहे. चालून दाखवा म्हणतील. ह्यांनी सकाळ-संध्याकाळ घरातल्या टेपवरून सराव सुरू केलाय.